कॉम्प्युटरचा कुणाला उपयोग होऊ नये म्हणून काय काय करावं

गोव्यात फर्मागुडीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडलात ना, अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे एक प्रोग्रामिंगची लँग्वेज पकडायची आणि बाकीच्या सगळ्या भंगार आहेत असं बोलायला सुरुवात करायची. कुठली पकडली त्याला महत्त्व नाही. पायथनवाला भेटला की "स्लो आहे रे", जावावाला भेटला की "अजून जावातच?" आणि जावास्क्रिप्टवाला भेटला की ती ब्रेंडन आइकने १९९५ साली १० दिवसांत उभी केली होती हे त्याला सांगायचं, जसं काय त्याला कोणी कधी सांगितलंच नाही. फोंड्याच्या तिस्कावर चा पिता पिता हा वाद काढला तर शेवटची बस जाईपर्यंत पुरतो. आणि कोबोल मेली असं तर अधूनमधून म्हणायचंच. ती १९५९ पासून मरतेय, आणि जगातल्या कितीतरी बँकांचे हिशेब आजही तीच करतेय, पण तो तिचा प्रश्न.

मागचं काही वाचायला जाऊ नका. वाचलं की उगाच जीव जळतो. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीत स्केचपॅड करून ठेवलं होतं, स्क्रीनवर पेनाने रेघा मारायच्या आणि ह्या दोन रेघा समांतर पाहिजेत म्हटलं की मशीन स्वतः त्या समांतर करायचं. १९६८ च्या डिसेंबरात एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत दीड तास उभं राहून (म्हणजे बसून) माऊस दाखवला, लिंका दाखवल्या, दुसऱ्या गावातल्या माणसाचा चेहरा कोपऱ्यात दिसतोय आणि दोघं मिळून एकाच मजकुरावर काम करतायत हे पण दाखवलं. १९७२ मध्ये ॲलन के लिहून बसला की वहीएवढा कॉम्प्युटर पोरांच्या हातात द्यायचा आणि पोरं त्यावर स्वतःचे प्रोग्राम लिहितील. वहीएवढा कॉम्प्युटर आला, पोरांच्या हातात पण गेला, रील्स बघताना चार्जिंग तेवढं पुरत नाही. लिस्प नावाच्या लँग्वेजमध्ये तर प्रोग्राम चालू असताना तो न थांबवता बदलायची सोय होती आणि लिस्प आहे १९५८ ची, आणि आपण २ पिक्सेल बटन सरकवून बिल्ड, म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार, कधी होतो म्हणून स्क्रीनकडे बघत बसतो. ह्यावर कोणी टोकलं तर उत्तर तयार ठेवा: "तेव्हा स्केल नव्हतं." समोरचा गप्प होतो. स्केल म्हणजे काय ते त्यालाही माहीत नसतं.

आता कामाचं बोलू. फोंड्याच्या बाजारात एखादं होलसेल भुसारी दुकान गाठा. आत गोणींच्या मागे एक हिशेबनीस एक्सेल उघडून बसलेला असतो. कॉलेजात त्याने कॉम्प्युटर शिकलेला नाही, पण त्याच्या शीटमध्ये गाव घातलं की गाडीभाडं आपोआप लागतं, शिरोड्याला वेगळं, सावईवेऱ्याला वेगळं, उधारीला ३० दिवस झाले की ओळ लाल होते, आणि एका गिऱ्हाइकासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "ह्याला विचारू नये, भाऊ देतो." त्याचा इफ-इफ-इफवाला फॉर्म्युला इतका लांब की वाचताना धाप लागेल, पण चुकत नाही. गुळाचा दर बदलला की तो एक आकडा बदलतो आणि सगळं त्याच्या डोळ्यांसमोर बदलतं. ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन ह्या दोघांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क, म्हणजे एक्सेलच्या आधीचं एक्सेल, काढलं ते असल्याच माणसासाठी, ज्याला प्रोग्रामर व्हायचं नाही पण मशीनकडून आपल्या मनासारखं करून घ्यायचंय. तर हा माणूस प्रोग्रामिंग करतोय हे त्याला चुकूनही कळू देऊ नका. प्रोग्रामिंग फक्त आपण करतो. काळ्या स्क्रीनवर.

त्याच्या मालकाला भेटा आणि सांगा, "हे काय, एक्सेलवर धंदा चालवता? ॲप करू." मालक मुलाला विचारेल, मुलगा बेंगळुरूला असतो, तो हो म्हणतो. काम मिळालं.

ॲप करताना हिशेबनिसाशी बोलायचं नाही, त्याने गोंधळ वाढतो. फॉर्म करायचा, त्यात सगळं कंपल्सरी. ईमेल कंपल्सरी, जीएसटी नंबर कंपल्सरी, मग केरीची गाडा चालवणारी बाई दोन किलो साखर का नेईना. गावं ड्रॉपडाउनमधून, सावईवेरे त्यात नसलं तर "अदर". नाव देवनागरीत टाकलं की प्रश्नचिन्हं छापून यायला हवीत, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला सगळ्या लिप्या कळाव्यात म्हणून ठरवलेल्या यादीत, देवनागरी १९९१ पासून आहे तरीही. "भाऊ देतो" असं लिहायला जागा ठेवायची नाही, तो डेटा नव्हे. लॉगिनला ओटीपी तर पाहिजेच, गोणींच्या मागे रेंज येत नाही म्हणून तो बिचारा दर वेळी मासळी मार्केटच्या तोंडापर्यंत जाऊन ओटीपी घेऊन येईल, व्यायाम होतो.

आणि लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, त्या ढिगाने ओढा. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारी, तिच्या मालकाने रागावून काढून टाकली आणि जगभरातले हजारो प्रोजेक्ट अडकले. म्हणजे एवढ्या लोकांना त्या ११ ओळी स्वतः लिहाव्याशा वाटल्या नव्हत्या, तुम्हाला का वाटाव्यात? आता तर एआय आहे, जो फॉर्म करायला तुम्हाला महिना लागायचा तो अर्ध्या दिवसात होतो, उरलेल्या अर्ध्या दिवसात आणखी कंपल्सरी रकाने घाला.

एक सोय मात्र विसरू नका, उजवीकडे वर "एक्सेलमध्ये डाउनलोड" असं हिरवं बटन. पुढे जाऊन दिवसातून सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटन तेच निघेल. हिशेबनीस रोज सकाळी ते दाबणार, आपल्या जुन्या शीटमध्ये चिकटवणार, काम तिथे करणार आणि संध्याकाळी सगळं परत ॲपमध्ये टाईप करणार, कारण मालकाचा मुलगा बेंगळुरूहून डॅशबोर्ड बघतो. डॅशबोर्डवर गोल चार्ट ठेवा. रंगीत.

दोन वर्षांनी जाऊन सांगायचं की जुनी टेक्नॉलॉजी आहे, रस्ट नावाच्या लँग्वेजमध्ये परत लिहायला लागेल. का म्हणून विचारलं तर "मेमरी सेफ". दुकानाची मेमरी हिशेबनिसाच्या डोक्यात आहे आणि तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय, पण तो विषय आपला नाही.

नवीन व्हर्जन लाईव्ह करायचा मुहूर्त चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा. दुकानात नारळ, गूळ, रवा घ्यायला पाय ठेवायला जागा नसेल. फोन आलाच तर गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला शिडीवर चढलोय म्हणून सांगा, आणि तिकीट रेज करायला, म्हणजे तक्रार ऑनलाइन नोंदवायला, सांगून फोन ठेवून द्या.