दीड तासाचं अंतर म्हणे!

यापुढे कोणी मला 'अरे मुंबई-नागपूर काय, विमानाने दीड तास' असं म्हणालं ना, तर त्याच्याशी बोलणंच बंद. काल भाच्याची मुंज होती, मुहूर्त ९.३८ चा, सख्खा मामा मी एकटाच, म्हणून मुद्दाम पहाटे ६.१० चं विमान घेतलं आणि डोंबिवलीहून रात्री तीनला निघालो. मेसेज आला ६.५५, मग आला ७.४०, मग मेसेजच बंद. काउंटरवर विचारलं तर 'सर, एअरक्राफ्ट आलेलं नाही', कुठून यायचंय ते कोणालाच माहीत नाही!

नऊला एकदाचं बसमध्ये कोंबलं, विमानापाशी नेलं आणि दारं बंद करून तसंच उभं ठेवलं. चाळीस मिनिटं. एसी नावाला, माझ्या पाठीत कोणाची तरी सॅक रुतलेली, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन, त्यावर ताईचा व्हिडिओ कॉल. अंतरपाट धरलेला दिसत होता, मंगलाष्टकं तुटत तुटत ऐकू येत होती, अक्षता पडल्या तेव्हा तर चित्रच अडकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'तुमच्या घरचं आहे का हो?' माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सरळ रेषेत ७०० किलोमीटरसुद्धा नाहीये हो हे अंतर! हवेत जेमतेम तासभर. तिकिटावर जो जास्तीचा अर्धा तास छापतात तो रांगेत उभं राहण्याचाच असतो, कारण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, आणि हे काय काल कळलंय का कोणाला? वर विमान ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांत जागेवरून हललं की ते 'ऑन टाइम', मग पुढे रांगेत कितीही तिष्ठत बसा. नियमही बघा, दोन तास उशीर झाला तर खायला द्या, पैसे परत मागायचे तर सहा तास व्हावे लागतात. आम्हाला एक वाळकं सँडविच मिळालं. मुहूर्ताचे पैसे कोण देणार?

आणि मागच्या दिवाळीत बॅग पट्ट्यावर यायला पाऊण तास लागला होता तेही मी विसरलेलो नाही. आणि चाकं टेकायच्या आत उठून डोक्यावर बॅगा काढणारे, त्यांना तर खाली उतरवून चालतच पाठवलं पाहिजे.

मेहुणा आधीच सांगत होता, आमण्याहून समृद्धीला लाग, ७०१ किलोमीटर, रात्री नऊला निघ, पहाटे पोचशील. नाही ऐकलं मी, सगळ्यांनी दीड तास दीड तास करून डोकं खाल्लं होतं.

हॉलवर पोचलो साडेबाराला. पंगत बसलेली. भाचा, गोटा केलेलं डोकं, पिवळं धोतर, झोळी गळ्यात तशीच, धावत आला आणि म्हणाला, 'मामा, तुझीच भिक्षा राहिलीये, मी काढूच दिली नाही झोळी.'