पूर्ण सेट घेतल्याशिवाय मिनी रंगवता येत नाही, हे खरं नाही

गेल्या महिन्यात भाच्याने एक फोटो पाठवला. टेबलावर रंगाच्या साठ बाटल्यांचा खोका आणि शेजारी पाच गॉब्लिन, म्हणजे टेबलावरच्या खेळांतल्या बुटक्या राक्षसांचे बोटभर पुतळे, अजून राखाडी प्लास्टिकचेच. खाली एक ओळ: "मामा, चार महिने झाले. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही."

खोका त्याने घेतला तो सगळीकडे फिरणारा एक सल्ला वाचून. तुमच्याही नजरेखालून गेला असेल. थोडक्यात तो असा: मिनिएचर, म्हणजे असा छोटा पुतळा (मिनी), चांगली रंगवायची तर आधी एका कंपनीचा पूर्ण सेट घ्या, कारण घरी मिसळलेला रंग पुन्हा तसाच बनत नाही. प्रत्येक रंगाच्या तीन बाटल्या हव्यात, सावलीची, मधल्या छटेची आणि उजेडाची. हॉबीचे, म्हणजे खास मिनीसाठी बनवलेले रंग सोडून दुसरं काही मिनीला लावू नका. बाटल्या इंद्रधनुष्याच्या क्रमाने रॅकवर लावा आणि उलट्या ठेवा. दोन वर्षांपेक्षा जुना रंग फेकून द्या. डोळ्यांसाठी सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा ब्रश घ्या.

मी बारा वर्षं मिनी रंगवतो आहे. या सल्ल्यापायी नवी मुलं पहिला ब्रश ओला करण्याआधीच पैशाने आणि उत्साहाने रिकामी होतात, हे बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मिसळलेला रंग पुन्हा बनत नाही, हा या सल्ल्याचा पाया आहे आणि तोच कच्चा आहे. अंदाजाने मिसळाल तर नाही बनणार. मोजून मिसळाल तर बनेल. वालेहो, आर्मी पेंटर, स्केल ७५ या कंपन्यांचे रंग थेंब टाकायच्या बाटलीत येतात, आणि तो थेंब हेच तुमचं माप. सिटाडेल या ब्रँडच्या झाकणाच्या डबीतून रंग ब्रशने उचलावा लागतो, तिथे माप चुकतं. म्हणून नेहमी लागणारे डबीतले रंग मी रिकाम्या ड्रॉपर बाटल्यांत ओतून घेतो. माझ्या वहीत गॉब्लिनच्या कातडीची ओळ अशी आहे: पिवळा ६ थेंब, ओकर (मातकट पिवळा) १, काळा १. पिवळ्यात काळा घातला की मळका पिवळा होईल असं वाटतं, पण समोर येतो तो ऑलिव्ह हिरवा. बहुतेक काळ्या रंगात निळसर झाक दडलेली असते, ती पिवळ्यात उतरली की हिरवी दिसते. हिरव्या रंगाची एकही बाटली न उघडता गॉब्लिनची अख्खी टोळी रंगवता येते. पहिल्यांदा हे डोळ्यांसमोर घडताना बघितलं तेव्हा मी बराच वेळ नुसते थेंबच मिसळत बसलो होतो.

मिसळलेला रंग टिकवायचीही सोय आहे. झाकणाचा मिठाईचा डबा घ्या, तळाला ओला स्पंज किंवा किचन टिश्यूच्या चार घड्या, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. झाला वेट पॅलेट. मेणाचा कागद नको, त्यातून ओल वर येत नाही. झाकण लावून ठेवलं की आजचं मिश्रण उद्या-परवाही ओलं मिळतं.

आणि समजा, पाचव्या गॉब्लिनची कातडी पहिल्यापेक्षा किंचित पिवळट आली. मिनीची उंची २८ ते ३२ मिलिमीटर. पाचही जणांवर एकच तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) फिरला की तो फरक त्याखाली मिटतो. जो उरेल तो असू दे, एका घरातली माणसंही एका रंगाची नसतात.

तयार बाटली खरंच लागते त्या जागा मी नाकारत नाही. झगझगीत जांभळा, टर्क्वाइज, मॅजेंटा हे रंग घरी मिसळून तितके तेजस्वी येत नाहीत. चांदी-सोन्याचे रंग मिसळून बनतच नाहीत. साठ सैनिकांना एकाच निळ्याचे अंगरखे द्यायचे असतील तर त्या निळ्याची एक बाटली घ्या, किंवा मिश्रणच एका रिकाम्या बाटलीत भरपूर करून ठेवा. पण हे झाले अपवाद, आणि त्यांच्यासाठी साठ बाटल्या लागत नाहीत.

"प्रत्येक रंगाच्या तीन बाटल्या" हा विचार कुठून आला ते समजतं. टेक्सासच्या रीपर कंपनीने आपली मास्टर सीरीज अशा तिकड्यांतच आखली. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने २०१२ मध्ये सिटाडेलचे रंग नव्याने काढले तेव्हा बेस (झाकणारा पहिला थर), शेड (सावली), लेयर (वरचे उजळ थर) अशा पायऱ्या लावून दिल्या. शिकणाऱ्याला त्या पायऱ्या खूप उपयोगी पडतात, मीही त्याच चढलो. सावली आधी की उजेड, हे ज्याला माहीत नाही त्याला त्या हात धरून नेतात. पण पायरी शिकणं वेगळं आणि पायरीगणिक बाटली विकत घेणं वेगळं.

एक लाल झगा घ्या. मधली छटा बाटलीतला लाल. घड्यांच्या आत सावली हवी, तर त्याच लालात गडद हिरव्याचा किंवा निळ्याचा अगदी कणभर अंश. काळा घालू नका, लाल विझून जातो. घडीच्या काठावर उजेड हवा, तर हात पांढऱ्याकडे जातो आणि झगा गुलाबी होऊन बसतो. पांढऱ्याऐवजी नारिंगीचा किंवा कातडीच्या रंगाचा एक थेंब घाला, लाल उजळतो आणि लालच राहतो. तिन्ही छटांत तोच एक लाल आहे, म्हणून त्या एकमेकींत सहज मिळतात. तीन वेगवेगळ्या बाटल्यांतून काढलेल्या छटांमध्ये मात्र कितीदा तरी सांधा दिसतो, कारण प्रत्येकीतलं रंगद्रव्य वेगळं असू शकतं.

पिवळ्याने तर भल्याभल्यांना रडवलं आहे. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) पिवळा लावतात, तो झाकत नाही, मग दुसऱ्या कंपनीचा पिवळा आणतात, मग तिसरा. दोष कंपनीचा नसतो. हॉबीच्या रंगांतली बरीचशी पिवळी रंगद्रव्यं मुळातच पारदर्शक आहेत. खाली काय आहे ते त्यांतून दिसणारच. म्हणून आधी ओकरचा नाहीतर फिक्या गुलाबी रंगाचा थर द्या आणि त्यावर तोच जुना पिवळा दोन पातळ हातांत लावा. चौथी बाटली आणायची वेळ येणार नाही.

मग किती बाटल्या पुरतात? भाच्याला मी चौदा निवडून दिल्या: पांढरा, काळा, नारिंगीकडे झुकणारा लाल, किरमिजी, पिवळा, ओकर, अल्ट्रामरीन निळा, हिरवट झाकेचा गडद निळा, गडद तपकिरी, कातडीचा एक रंग, चांदी, सोनं, तपकिरी वॉश आणि काळा वॉश. उरलेल्या सेहेचाळीस खोक्यात घालून कपाटावर टाकायला सांगितल्या. त्यातली एखादी लागली तर उतरवायची, आणि का लागली ते वहीत लिहायचं.

हॉबीचेच रंग हवेत, हा मुद्दा अर्धा खरा आहे. हॉबीच्या रंगांत रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं, रंग पातळ असतो आणि सुकल्यावर चमक नसते. कापडावर, मडक्यांवर वापरायचे स्वस्त अ‍ॅक्रिलिक रंग चेहऱ्यावर लावले तर भुवई आणि पापणी एकाच थराखाली गाडली जाते, ते टाळाच. पण नळीतले चांगले आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक हे वेगळं प्रकरण आहे. कॅम्लिनच्या नळ्या आपल्याकडे गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यातला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मी मॅट मीडियम (रंग पातळ करायचा बिनरंगी, बिनचमकीचा द्रव) आणि पाण्याने पातळ करून चामडं, लाकूड आणि मिनीच्या पायाखालच्या चकतीवरची माती यांना कायम वापरतो. बऱ्याच आर्टिस्ट रंगांच्या नळीवर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांकही छापलेला असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा. आपण काय मिसळतो आहोत हे नावावरून नाही, या क्रमांकावरून कळतं.

आता रॅक. इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावलेली भिंत फोटोत सुंदर दिसते, यात वाद नाही. पण रंगवताना मला नुसता "निळा" नको असतो. झाकणारा निळा हवा, की खालचं दाखवणारा, की खाचांत उतरणारा, हा खरा प्रश्न असतो. इंद्रधनुष्याच्या रांगेत हे तिन्ही शेजारी-शेजारी उभे असतात आणि घाईत चुकीचा हाताला लागतो. काळ्या प्रायमरवर मी एकदा बेस समजून कॉन्ट्रास्टचा निळा लावला होता. सुकल्यावर ढाल जशी काळी होती तशीच काळी. २०१९ मध्ये आलेले सिटाडेलचे हे कॉन्ट्रास्ट रंग पारदर्शक असतात, उंचवट्यावरून ओघळून खाचांत साठतात, आणि त्यांना खाली फिकाच थर लागतो.

म्हणून माझी मांडणी रंगाच्या स्वभावावरून आहे. पहिल्या खणात झाकणारे रंग, दुसऱ्यात पातळ लेयर, तिसऱ्यात वॉश आणि कॉन्ट्रास्ट, चौथ्यात धातूचे रंग, शेवटी मीडियम, प्रायमर आणि वार्निश. खणाच्या आत वाटलं तर इंद्रधनुष्य लावा. धातूच्या रंगांजवळ पाण्याचा वेगळा पेलाही ठेवा. त्यांतले चमकते कण पाण्यात राहतात आणि पुढच्या झग्यावर चकाकत बसतात.

कोणता रंग कोणत्या खणात, हे लेबलवर विसंबून ठरवू नका. जाड कागदावर न पुसणाऱ्या मार्करने एक काळी रेघ ओढा आणि प्रत्येक बाटलीचा एकच हात त्या रेघेवरून आडवा द्या. रेघ गेली तर रंग झाकणारा, धूसर दिसली तर मधला, लख्ख दिसली तर पारदर्शक. साठ बाटल्यांना एक दुपार लागते. भाच्याने हे केलं तेव्हा त्याच्या खोक्यातल्या तीन "वेगवेगळ्या" तपकिरींचे पट्टे शेजारी ठेवून कोणता कुठला ते त्यालाच ओळखता येईना.

बाटल्या उलट्या ठेवल्या की झाकणाकडून हवा शिरत नाही म्हणतात. घट्ट बंद केलेल्या बाटलीत ती उभ्यानेही शिरत नाही. उलट्या बाटलीत जड रंगद्रव्य नोझलपाशी गोळा होतं. दोन महिन्यांनी बाटली उचलून दाबली तर काहीच येत नाही, जरा जोर केला की नोझल उडतं आणि निम्मी बाटली पॅलेटवर. सरळ उभ्या ठेवा, वापरण्याआधी नीट हलवा, नोझल टाचणीने मोकळं करा. आत एक स्टेनलेस स्टीलची गोळी टाकली तर रंग चांगला घुसळला जातो. ती स्टेनलेसचीच हवी. सायकलच्या दुकानातले छर्रे गंजतात आणि पांढऱ्या रंगाचा चहा करतात.

दोन वर्षांत रंग मरतो, हे वाचून लोकांनी चांगले रंग कचऱ्यात टाकले आहेत, याचं मला खरोखर दुःख होतं. अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे रेझिनचे कण आणि रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि त्याची कातडी बनते, ती परत विरघळत नाही. पाणी आत आहे तोवर रंग जिवंत आहे, तारीख काहीही असो. नव्वदच्या दशकातल्या सिटाडेलच्या षटकोनी डब्यांतले रंग आजही ओले आहेत, असं सांगणारे कितीतरी जुने खेळाडू आहेत. तळाला साका बसला असेल तर हलवा. दाट झाला असेल तर थेंब-थेंब पाणी किंवा मीडियम घाला. रबरासारख्या गुठळ्या झाल्या किंवा कुजका वास आला, तरच टाका. खरी भीती आहे ती गोठण्याची. शिकागो-टोरंटोकडच्या आपल्या लोकांनी भर हिवाळ्यात रंगांचं पार्सल रात्रभर दाराबाहेर राहू देऊ नये, वितळल्यावर रंग दाणेदार होऊ शकतो.

इकडे पावसाळ्यात वेगळीच गफलत होते. दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की मिनीवर खरखरीत पीठ बसल्यासारखं दिसतं आणि डबा जुना झाला म्हणून फेकला जातो. त्या दिवसांत प्रायमर ब्रशने लावा, आणि तोच डबा दिवाळीत पुन्हा मारून बघा.

राहिला तीन शून्यांचा ब्रश. त्याच्या चार केसांत रंग मावतो केवढा? पॅलेटपासून डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर टोक सुकलेलं असतं. चांगल्या टोकाचा एक नंबरचा ब्रश पोटात रंग धरतो आणि टोकाला केसाएवढी रेघ देतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघितली असेल तर आठवा, पापणीची रेघ एका दमात येते, मध्ये ब्रश सुकून चालत नाही. मिनीचं गणित तेच, फक्त डोळा मोहरीएवढाही नसतो. आधी खोबणीत मळकट पांढऱ्याची आडवी रेघ द्या. मग बाहुलीसाठी ठिपका न देता गडद तपकिरीची एक उभी रेघ, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत. ठिपका दिला तर मिनी दचकल्यासारखी दिसते. बाहेर गेलेलं सगळं कातडीच्या रंगाने आत ढकला.

काल भाच्याचा पुन्हा फोटो आला. पहिला गॉब्लिन उभा आहे, ऑलिव्ह कातडी, ओकरवर पिवळे दात. डावा डोळा नाकाकडे घसरला आहे. कातडीचं मिश्रण डब्यात अजून ओलं आहे म्हणे, आज संध्याकाळी तो डोळा जागेवर आणणार आहे.