फ्लॅट आठचा लाईट

दर महिन्याची वीस तारीख ही जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, आणि आमच्या मोडेमला ती तोंडपाठ आहे. मी घरून चार-पाच दुकानदारांचे हिशेब लिहिते. महिनाभर मोडेमवर ‘पॉन’चा हिरवा दिवा गुण्यागोविंदाने जळतो. वीस तारखेच्या सकाळी तो विझतो आणि शेजारचा ‘एलओएस’, म्हणजे सिग्नल हरवल्याचा दिवा, लाल होऊन लुकलुकायला लागतो. कस्टमर केअरने सांगितलं म्हणून मोडेम बंद करून चालू केला. तेवढ्या विश्रांतीने लाल दिवा ताजातवाना होऊन दुप्पट उत्साहाने कामाला लागला.

डोंबिवलीत अशा वेळी इंटरनेटवाल्याच्या आधी सोसायटीचे खजिनदार येतात. बर्वेकाकांनी चपला काढायच्या आत निदान केलं. “मोडकांचा पोरगा. रात्रभर गेम खेळतो. सगळा लाईट तोच ओढतो, तुला काय उरणार?”

आमच्या विंगेच्या जिन्यात मीटरच्या वर एक पांढरी प्लास्टिकची पेटी आहे. गल्लीतून आलेली, इंटरनेट प्रकाशातून आणणारी एक काचेची तार तिच्यात शिरते आणि तिच्या आठ होऊन बाहेर पडतात. हे काम करणारा स्प्लिटर म्हणजे करंगळीहून बारीक, धातूची चपटी नळी. आत काचेची चिप, आणि चिपमध्ये प्रकाशाला जायची वाट कोरलेली. ती वाट दुभंगत जाते: एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. संपलं यंत्र. वीज नाही, बॅटरी नाही, सेटिंग नाही. कोणाला किती द्यायचं हे ठरवणारं तिथे कोणी बसलेलंच नाही, त्यामुळे सोसायटीत समान वाटप होणारी ती एकमेव जागा आहे. पाण्याचं होत नाही, पार्किंगचा तर विषयच काढू नका. मोडकांचा पोरगा गेम खेळो, घोरत पडो, नाहीतर तपश्चर्येला बसो. प्रकाशाचा आठवा हिस्सा त्याच्या तारेत जातो, तेवढाच माझ्या.

“मग संध्याकाळी स्पीड का पडतो?” बर्वेकाका.

तो वाटा निराळा. एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टातून सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट निघतात आणि ते बत्तीस-चौसष्ट घरांत पुरवायचे असतात. त्यात मोडकांचा हात असेल. माझ्या लाल दिव्यात नाही.

दुपारी सूरज आला. खांद्याला बॅग, हातात पॉवर मीटर. माझ्याकडची तार त्यात खुपसून म्हणाला, “ताई, पॉवर मायनस एकोणतीस येतेय. अठरा पाहिजे. सत्तावीसच्या खाली गेली की मोडेम पकडत नाही.” मी जन्मभर ताळेबंद बघत आलेय, वजा चिन्ह दिसलं की पोटात गोळा येतो. इथे शून्य म्हणजे एक मिलीवॉट, त्याहून कमी ते सगळं वजा, आणि मायनस अठराला सगळे खूश! म्हणून त्याच्याकडून खतावणीच मागितली. ओएलटीतून निघताना अधिक तीन. गल्लीतल्या खांबावर चारचा स्प्लिटर, तिथे सात गेले. जिन्यातला आठचा, तिथे साडेदहा. बाकीचे साडेतीन लांबची तार, जोड आणि कनेक्टर मिळून खातात. जमलं की, मायनस अठरा! दर दुभंगाला प्रकाश निम्मा, म्हणजे या मापात तीन डीबी. तीनदा दुभंगला की नऊ. वरचा दीड ही काचेची दलाली. आणि ही दलाली येतानाच नाही, जातानाही. माझ्या मोडेमचा प्रकाश आठांतून एका तारेत शिरताना तरी सगळा पोचेल असं वाटतं, पण तिथेही साडेदहा कापून घेतात. असा चोख हिशेब मला एकाही दुकानदाराकडे बघायला मिळालेला नाही.

बर्वेकाका विचारात पडले होते. “म्हणजे हा पदार्थ नुसता प्रकाश वाटतो. आत कोणाचं काय आहे हे त्याला कळत नाही?”

“नाही ना काका. खाली येणारं सगळ्यांचं सगळं सगळ्यांच्या घरात येतं,” सूरज म्हणाला. “मोडेम आपलं तेवढं घेतो, बाकीचं सोडून देतो.”

काकांचा चेहरा उतरला. “माझं बँकेचं मोडकांकडे जातं?” ते कुलूपबंद असतं, किल्ली ज्याच्या त्याच्या मोडेमकडे, असं सांगितल्यावर त्यांनी श्वास सोडला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, “आणि मोडकांचं आपल्याकडे?” तेही कुलूपबंद, हे ऐकून मात्र त्यांना तितकंसं बरं वाटलं नाही.

वर जाणारी वाहतूक हा आमच्या आमसभेने शिकण्यासारखा विषय आहे. ओएलटी प्रत्येक मोडेमला सेकंदाचा बारीकसा तुकडा नेमून देतो; तेवढ्यात बोलायचं आणि गप्प बसायचं. कोण किती लांब आहे हेही मोजलेलं असतं, म्हणजे लांबच्याचं बोलणं जवळच्याच्या बोलण्यावर आदळत नाही. एखादा मोडेम बिघडून अखंड बोलत सुटला तर मात्र त्या पोर्टावरची सगळी घरं बंद पडू शकतात. बिघडलेला शोधून त्याचं तोंड बंद करायची सोय ओएलटीत असते. आमसभेत नाही.

शेवटी पेटी उघडली. आत आठही तारा एकीवर एक काटकोनात दुमडून रबरबँडने बांधलेल्या. सूरजने लाल लेझरचं पेन माझ्या तारेला लावलं, तर नेमक्या घडीवर तार आतून लालभडक. काच काटकोनात वळते, प्रकाश वळत नाही, बाहेर पडतो. माझी तार सगळ्यांत बाहेरची, तिच्यावर रबरबँडचे दोन वेढे जास्त.

“लोंबत होत्या,” बर्वेकाका म्हणाले. “शोभा जाते विंगेची.”

तारा सैल गोल करून ठेवल्या, मीटरवर मायनस अठरा आलं, हिरवा दिवा लागला. मी ३बीकडे धावणार इतक्यात काकांना पेटीत हिरवी टोपी घातलेलं एक रिकामं टोक दिसलं. फ्लॅट आठ. मालक दुबईत, दाराला पाच वर्षं कुलूप.

“याला लाईट जातो?”

“जातो ना काका. कोणी असो-नसो, आठवा हिस्सा जाणार. टोपीत जाऊन संपतो.”

“मग सातचा स्प्लिटर लाव!”

निम्मं-निम्मं करत जाणाऱ्या वाटेला सात कुठून जमणार? बाजारात सरसकट मिळतात ते दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. काकांचे ओठ थरथरले. बंद फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक राहत नसल्याचं शुल्क, लावता येत नाही, ते भाड्याने दिल्यावरच, आणि तेही सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते माझ्याकडे वळले. “तू हिशेबातली आहेस. काढ किती होतात.”

काढले. मायनस अठरा म्हणजे एका मिलीवॉटचा त्रेसष्टावा भाग. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस, युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला एका पैशाचा सातवा हिस्सा.

बर्वेकाकांनी डोळे मिटून गुणाकार केला. “पाच वर्षांची थकबाकी धर,” ते म्हणाले, “एकवीस टक्क्यांनी.”