पनीर निळं झालं म्हणून ते प्लास्टिकचं नसतं हो!

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की हॉटेलातल्या पनीरवर आयोडीन टाका, निळं झालं की समजा प्लास्टिक. अहो, आयोडीन प्लास्टिक ओळखतच नाही, ते स्टार्चवर निळंकाळं होतं. घरी बटाट्याची चकती कापून त्यावर दोन थेंब टाकून बघा, तीपण तशीच होईल, मग बटाटापण प्लास्टिकचा का?

आणि टेस्ट कशावर करताय तेपण बघा ना, पनीर चिलीला वरून कॉर्नफ्लोअर लावून तळतात, ते निळं होणारच, एकदम अस्सल पनीर असलं तरी. साधं कच्चं पनीर निळं झालं तर मात्र त्यात स्टार्च घातलाय हे नक्की. पण उलटं धरून चालू नका, पामतेल आणि दूध पावडरचं बिनस्टार्चचं ॲनालॉग पनीर, म्हणजे पनीरसारखं दिसणारं नकली पनीर, या टेस्टमध्ये आरामात पास होतं.

हे ॲनालॉग व्हेजच असतं, विषबिष नाही, फक्त पनीर म्हणून विकणं नियमात बसत नाही, पॅकेटवर तसं लिहावं लागतं. मेन्यूत पनीर लिहून हे खपवलं तर ती फसवणूकच, बिल जपून एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) तक्रार करा.

एवढीच धाकधूक असेल तर घरी बनवा, लिटरभर म्हशीच्या दुधाला उकळी आली की गॅस बंद करून लिंबू पिळायचं, पाणी हिरवट दिसलं की गाळायचं, साधारण 200 ग्रॅम पनीर निघतं. उरलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला मस्त.