जगाच्या अंताची तारीख काढताय? मग एवढं तरी जमलंच पाहिजे

सप्टेंबर २०२५ च्या २३ किंवा २४ तारखेला येशू परत येऊन खऱ्या भक्तांना ढगात उचलून नेणार होता आणि उरलेले आपण सगळे खाली सात वर्षं हाल भोगणार होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाला म्हणे येशूने दर्शन देऊन तारीख सांगितली, व्हिडिओ जगभर फिरला, कोणी गाडी विकल्याचं सांगत होतं, कोणी नोकरी सोडल्याचं. आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सद्गृहस्थांनी नेमकं त्याच आठवड्यात अर्धवट काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण "आता डेडलाईनला काय अर्थ उरलाय?" २५ ला साहेब हजर. लाज नाही, काही नाही, उलट मलाच समजावतात की जुनं ज्युलियन कॅलेंडर धरायला हवं होतं, आता ऑक्टोबरमध्ये बघ. काम मी रात्री जागून संपवलं. असो.

पण यात करिअर आहे हे मात्र पटलं. तुम्हालाही उतरायचं असेल तर अनुभवी लोकांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

बायबल शेवटून उघडा, थेट प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक. ते कोणी, कोणासाठी लिहिलं या भानगडीत पडू नका. योहान नावाचा माणूस पात्म बेटावर होता, रोमन साम्राज्याच्या धाकात जगणाऱ्या, आजच्या तुर्कस्तानातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना त्याने धीर द्यायला हे लिहिलं, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, आणि सुरुवातीलाच सांगितलं की हे लवकर घडायचंय, हे सगळं त्या लोकांचं. पत्र तुम्हालाच आलंय असं समजून वाचायचं. दोन हजार वर्षं पोस्टात अडकलं होतं, एवढंच.

मग सगळं अक्षरशः घ्यायचं. म्हणजे सगळं नाही हं! नवव्या अध्यायात टोळ आहेत, माणसाचे चेहरे, बायकांसारखे केस, सिंहाचे दात. ते हेलिकॉप्टर. आकाशातून पडणारा कडूदवणा नावाचा तारा म्हणजे चेर्नोबिलचा अणुभट्टीचा स्फोट. श्वापदाची खूण, म्हणजे तिथल्या सैतानी जनावराचा माणसांवरचा शिक्का, आधी बारकोड होती, मग क्रेडिट कार्ड झाली, मग मायक्रोचिप, मग लस, आता पुढचं जे काही नवीन निघेल ते. सात डोक्यांचं खरंखुरं जनावर समुद्रातून वर येईल म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसलेला एकही अक्षरशःवाला मला अजून दिसलेला नाही. पण येशूचं एक हजार वर्षांचं राज्य मात्र मोजून एक हजार वर्षांचंच, तिथे चर्चा नाही.

६६६, म्हणजे त्या श्वापदाचा आकडा, त्याचं सोपं आहे. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या आणि जुळेपर्यंत बेरीज बदलत राहा. अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड विल्सन रेगनच्या तिन्ही नावांत इंग्रजीत सहा-सहा अक्षरं, झालं काम. (त्या कुटुंबाने नंतर स्वतःच्या घराचा ६६६ नंबर बदलून ६६८ करून घेतला. घाबरलेल्यांना आणखी काय सांगणार?)

बायबलमधल्या मत्तय २४:३६ चं पान गोंदाने चिकटवून टाका. त्या दिवसाबद्दल पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही असं तिथे लिहिलंय. पुत्राला नाही, पण यूट्यूबवाल्याला आहे.

कोणी हसलं तर तोही पुरावाच. शेवटच्या दिवसांत थट्टेखोर येतील असं पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहेच, त्यामुळे शंका विचारणारा प्रत्येक माणूस आपोआप तुमच्या बाजूने मोजला जातो.

गणित यायला हवं, पण फार नको. मिखाएल श्टिफेल हा जर्मन पाळक चांगला गणिती होता, त्याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी ८ वाजता असं वेळेसकट सांगून टाकलं. आठ वाजले, काही झालं नाही, त्याला पकडून नेलं. पुढे भविष्य सोडल्यावर गणितात त्याने खरंच उत्तम काम केलं, हे मुद्दाम नोंदवतो. न्यूटनसुद्धा या नादात होता, पण त्याचं म्हणणं २०६० च्या आधी नाही, आणि ते त्याने लिहिलं ते उठसूट तारखा काढणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. झाली का बंद?

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख चुकल्यावर काय करायचं. इथेच खरा कलाकार कळतो. विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी-प्रचारक, त्याने बायबलच्या दानीएल या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं केली, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजली, १८४३ आलं. ते वर्ष गेलं, मग लक्षात आलं की सनाला शून्य वर्ष नसतं, म्हणजे १८४४, आणि शेवटी त्याच्या चळवळीतल्या लोकांनी २२ ऑक्टोबर पक्की केली. कित्येकांनी शेतातलं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं? रात्रभर जागले, उजाडलं, आणि मोठी माणसं ढसाढसा रडली. १९८८ मध्ये नासात काम केलेल्या एडगर व्हिझेनंट नावाच्या इंजिनियरने सप्टेंबरची तारीख दिली, चक्क ८८ कारणांसकट, चुकली, तर पुढच्या वर्षी गडी नवी तारीख घेऊन परत हजर! आणि कॅलिफोर्नियाचा रेडिओवाला हॅरॉल्ड कॅम्पिंग, आधी सप्टेंबर १९९४ म्हणाला, ते फसलं, मग २१ मे २०११, गावोगावी मोठमोठे फलक लागले, न्यूयॉर्कमधल्या एका रिटायर्ड माणसाने आयुष्यभराच्या बचतीतले १,४०,००० डॉलर स्वतःहून जाहिरातींवर घातले. २१ मे आली आणि गेली. तर कॅम्पिंग काय म्हणतो? न्याय झाला, पण आत्मिक झाला, दिसला नाही, खरा शेवट २१ ऑक्टोबरला. तोही गेला. २०१२ मध्ये त्याने माफी मागितली, तारीख काढणं हे पाप होतं म्हणाला. अरे वा! मागितली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, बाकीचे तेवढंही करत नाहीत. पण त्या म्हाताऱ्याच्या बचतीचं काय? माफीने बँकेत पैसे येतात का? प्रत्येक वेळी हेच, सांगणारा पुढच्या तारखेकडे वळतो आणि ऐकणारा उघड्यावर पडतो, आणि वर त्यालाच ऐकवतात की तुझीच श्रद्धा कमी पडली.

आणि पैशावर थांबलं तर नशीब. १९९३ मध्ये टेक्सासमधल्या वेकोजवळ डेव्हिड कोरेश नावाचा पंथप्रमुख प्रकटीकरणातल्या गुंडाळीचे सात शिक्के उघडणारा आपणच म्हणून बसला होता, सरकारी यंत्रणेनेही तिथे जो गोंधळ घातला तो घातलाच, पण शेवटच्या दिवशी आगीत सत्तरहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या पोरांना शिक्के कळत होते का?

गंमत बास झाली आता. श्रद्धा ठेवा, कोणी अडवलं नाहीये, येशू परत येईल असं कोट्यवधी लोक मानतात आणि सकाळी उठून आपापली कामं करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण तुमच्याशी आहे, तारीखवाल्यांनो. अशा घरांत वाढलेली माणसं मोठेपणी सांगतात, शाळेतून आल्यावर घर रिकामं दिसलं की धस्स व्हायचं, सगळ्यांना वर नेलं, मीच पापी म्हणून मागे राहिलो. आई शेजारी गेलेली असायची! आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे भरवताना तुम्हाला काहीच वाटत नाही? दुसऱ्याची नोकरी जाते, बचत जाते, पोरांची झोप जाते, आणि तुम्ही कॅलेंडर बदलून पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसता. पुढची तारीख काढायचीच असेल तर आधी स्वतःचं घर विका, कागद सगळ्यांना दाखवा, चुकलात तर ज्यांचं बुडालं त्यांच्या दारात जाऊन उभे राहा. ते जमत नसेल तर गप्प बसा, आणि निदान पोरांसमोर तरी तोंड उघडू नका.