वास येतो म्हणजे धुणं कमी पडतं, असं नाही

ताई,

प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि तिच्यातला एक मुद्दा मला मान्यच करावा लागणार आहे. तो शेवटी घेते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या लेखात ‘योनी आतून धुऊ नका’ असं लिहून मी बायकांना अस्वच्छ राहायला शिकवते. तुमच्या अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता. तुम्ही बुरशीवरचं क्रीम लावलं, सुगंधी वॉशने रोज आतून धुतलं, आठ दिवसांत बरं वाटलं. महिन्याभरात पुन्हा तेच. आणि ‘नवऱ्याला औषध लागत नाही’ असं लिहून मी सगळं बाईच्याच गळ्यात टाकलं.

आधी क्रीम. तुम्हीच लिहिलंय की स्राव पातळ, करडट पांढरा होता, खाज फारशी नव्हती, आणि संबंधानंतर मासळीसारखा वास यायचा. हे बुरशीचं वर्णन नाही. कँडिडात, म्हणजे योनीतल्या बुरशीच्या संसर्गात, खाज जीव नकोसा करते, लघवी करताना बाहेरच्या बाजूला झोंबतं, स्राव फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा, आणि वास जवळजवळ नसतोच. तुमची लक्षणं बॅक्टेरियल व्हजायनोसिसची, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडण्याची, डॉक्टर ज्याला ‘बीव्ही’ म्हणतात त्याची वाटतात. तिथे बुरशीचं क्रीम काही करत नाही.

मग बरं का वाटलं? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. काचपट्टीवर स्रावाचा ठिपका घ्यायचा, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे अल्कलीचा (आम्लाच्या उलट गुणाच्या द्रव्याचा), एक थेंब. बीव्ही असेल तर तोंडाला मास्क असूनही मान आपोआप मागे जाते. हे जिवाणू अमाइन नावाची द्रव्यं तयार करतात आणि अल्कलीशी गाठ पडली की ती हवेत सुटतात. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कलीकडे झुकणारी, म्हणून संबंधानंतर आणि पाळीत वास चढतो, मधल्या दिवसांत उतरतो. तुमचे ते आठ दिवस बहुधा उताराचे होते. श्रेय क्रीमने घेतलं.

दुसरी पट्टी मायक्रोस्कोपखाली जाते. योनीच्या अस्तराची पेशी एरवी पारदर्शक, रेखीव कडांची दिसते. बीव्हीत तिच्यावर बारीक रेती भुरभुरल्यासारखे जिवाणू चिकटलेले असतात, कड कुठे संपते तेच कळत नाही. त्यांना ‘क्लू सेल’ म्हणतात. पातळ एकसारखा स्राव, 4.5 च्या वर गेलेला पीएच (हा आकडा जितका जास्त, तितकं आम्ल कमी), अमाइनचा वास आणि क्लू सेल, या चारांपैकी तीन सापडले की निदान झालं. 1983 पासूनचे हे निकष आजही वापरात आहेत. सोबत ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा परजीवी नाही ना, तेही बघून घेतात, कारण वास त्यातही येतो.

आता धुणं. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण 3.8 ते 4.5 ठेवतात. त्या आम्लात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. बीव्ही होते ती हे राखणदार कमी झाल्यामुळे, धूळ-मळ साचल्यामुळे नव्हे. आतून वॉश मारला की उरलेसुरले राखणदारही जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं. (‘पीएच बॅलन्स्ड’ छापलेली बाटली असली तरी ती आत घालायची नाही.)

औषध डॉक्टरच ठरवतील. बहुतेकदा मेट्रोनिडाझोल या जिवाणूंवरच्या औषधाच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि चौथ्या दिवशी वास गेला की पाकीट कपाटात जातं. तसं करू नका. क्लिंडामायसिनचं (हेही जिवाणूंवरचंच औषध) क्रीम दिलं तर कंडोमवर विसंबू नका, त्यातल्या तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं. दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगा. ओटीपोटात दुखतंय किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा. आणि तपासणीच्या आधी दोन दिवस आत काहीही लावू नका, नाहीतर पट्टीवर क्रीमच दिसतं.

आता माझी चूक. नवऱ्याला औषध लागत नाही, हे मी जुन्या नियमावर लिहिलं. पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन झालेल्या आधीच्या प्रयोगांत बायकांना फायदा दिसला नव्हता, तिथून तो नियम आला. 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. त्यात एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांतल्या पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला 2 टक्के क्लिंडामायसिन क्रीम, दोन्ही दिवसातून दोनदा, असं दिलं. 12 आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलेल्या गटात 63 टक्के जणींना बीव्ही परत झाली, दोघांना दिलेल्या गटात 35 टक्के. त्यामुळे या वेळी डॉक्टरांकडे दोघं मिळून जा, आणि ‘मला काहीच त्रास नाही’ हे नवऱ्याचं कारण चालवून घेऊ नका.

लेखातलं ते वाक्य मी खोडलंय आणि खाली दुरुस्ती लावली आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवते.