सगळे स्पीकर वाजले म्हणजे सराउंड नव्हे

होम थिएटरच्या रिसीव्हरबद्दल (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र) ‘रिसीव्हर कायम मल्टी चॅनल स्टीरिओवर ठेवा, तरच खरा सराउंड (चहूबाजूंनी वेगवेगळा आवाज) मिळतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे चुकीचं आहे. या मोडमध्ये डाव्या-उजव्या चॅनलचाच आवाज मागच्या स्पीकरांनाही जातो, ५.१ ट्रॅकमध्ये (पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी वेगवेगळा आवाज असलेला ट्रॅक) मागून येणारी गाडी मग चहूकडून ऐकू येते. पाहुणे जमल्यावर गाणी लावायला ठीक, सिनेमाला नाही. डॉल्बी किंवा डीटीएस (सराउंड आवाजाचे प्रकार) ट्रॅक असेल तर रिसीव्हरवर त्या ट्रॅकचाच डॉल्बी किंवा डीटीएस मोड राहू द्या. मागचे स्पीकर मध्येमध्ये गप्प बसतात, म्हणून ते बिघडलेले नसतात! स्टीरिओ कार्यक्रमांना रिसीव्हरचा ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावा, संवाद मधल्या स्पीकरकडे येतात. टीव्हीवरून ऐकताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कायम ‘पीसीएम’ (टीव्हीने आधीच उलगडलेला, बहुतेकदा फक्त स्टीरिओ आवाज) दिसत असेल, तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ (मूळ ट्रॅक तसाच रिसीव्हरकडे पाठवणं) करून बघा.